युद्धवार्ताहरांवरचे चित्रपट: खरं किती, प्रचार किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी असली की चित्रपट खरा मानायचा का?

नाही. ही पाटी लावायला कुणाची परवानगी लागत नाही आणि तिची तपासणीही कुणी करत नाही. युद्ध खरोखर झालं होतं, एवढी खात्री ती फार तर देते. माणसं, क्रम, संवाद, कोण कुठे उभं होतं, या सगळ्यात बदल केलेला असू शकतो.

नायक वार्ताहर असला की जास्त सावध राहावं लागतं. सैनिकाची गोष्ट बघताना ती एका बाजूनं सांगितली जातेय, हे आपण धरूनच चालतो. वार्ताहर मात्र ‘मी पाहिलं तेच सांगतो’ असं म्हणत पडद्यावर येतो. त्याच्या गळ्यातला कॅमेरा आणि छातीवरचं ‘प्रेस’ बघून आपण निम्मा विश्वास आधीच टाकलेला असतो. हा विश्वास त्या पात्रानं नाही, खऱ्या वार्ताहरांनी कमावलेला आहे, आणि काहींनी त्यासाठी जीव दिला आहे. चित्रपट तो उसना घेतो. म्हणून त्याचा हिशेब मागायलाच हवा.

मग प्रचार ओळखायचा कशावरून? खोटी दृश्यं शोधायची का?

दृश्यं शोधा, पण ते नंतर. आधी घड्याळ बघा. पडद्यावरची गोष्ट कोणत्या वर्षी, कोणत्या दिवशी, किती वाजता सुरू होते? युद्धाच्या चित्रपटातला सगळ्यात मोठा निर्णय हाच असतो. पहिली गोळी कोणी झाडली, हे गोष्ट कुठून सुरू केली त्यावर ठरतं. एकही दृश्य खोटं न दाखवता, फक्त सहा तास उशिरा सुरुवात करून, हल्ला करणाऱ्याला बळी ठरवता येतं. खोटं दृश्य आज ना उद्या पकडलं जातं. गाळलेले तास सहसा कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

याचं ठोस उदाहरण?

ऑगस्ट 2008 मधलं रशिया-जॉर्जिया युद्ध. जॉर्जियातून फुटून निघालेल्या, रशियाच्या पाठिंब्यावर उभ्या दक्षिण ओसेतिया या प्रदेशावरून पेटलेलं, जेमतेम पाच दिवसांचं. पण दोन्ही बाजूंनी त्यावर चित्रपट निघाले, आणि दोन्हींची मांडणी थक्क व्हावं इतकी सारखी आहे: एक कॅमेरा, त्यात अडकलेला पुरावा, तो जगापर्यंत पोहोचवायची धडपड.

रशियाचा चित्रपट आधी आला. इगोर वोलोशिन दिग्दर्शित ‘ऑलिंपस इन्फर्नो’ 29 मार्च 2009 रोजी रशियाच्या ‘चॅनल वन’ या वाहिनीवर दाखवला गेला. त्यात अमेरिकेहून आलेला एक तरुण कीटक-अभ्यासक आणि पत्रकारिता शिकणारी एक रशियन मुलगी रात्रीची फुलपाखरं टिपायला कॅमेरा लावतात, आणि त्यात जॉर्जियाचं सैन्य पुढे सरकताना कैद होतं.

जॉर्जियाच्या बाजूचा ‘फाइव्ह डेज ऑफ वॉर’ 2011 चा. दिग्दर्शक रेनी हार्लिन, म्हणजे हॉलिवूडमध्ये मोठे अ‍ॅक्शनपट केलेला माणूस. जॉर्जियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष साकाश्विली यांच्या भूमिकेत अँडी गार्सिया. इथे पाश्चात्त्य वार्ताहर एका गावातलं हत्याकांड चित्रित करतात आणि मेमरी कार्ड वाचवत पळतात. रणगाडे, हेलिकॉप्टरं आणि माणसं जॉर्जियाच्या लष्करानं पुरवली.

त्यात घड्याळाचा प्रश्न कुठे येतो?

7 ऑगस्ट 2008 च्या संध्याकाळपासून पुढच्या सकाळपर्यंतच्या तासांत. युरोपीय संघानं नेमलेल्या, स्वित्झर्लंडच्या राजनयिक हायडी तालियाविनी यांच्या चौकशी मंडळाचा अहवाल 30 सप्टेंबर 2009 रोजी आला. त्यात म्हटलं आहे की, उघड युद्धाची सुरुवात 7 ऑगस्टच्या रात्री 11 वाजून 35 मिनिटांनी जॉर्जियानं दक्षिण ओसेतियाची राजधानी त्स्खिनवालीवर केलेल्या तोफमाऱ्यानं झाली. आंतरराष्ट्रीय कायद्यात हा मारा बसत नाही. त्याच अहवालात असंही आहे की, त्याआधी चिथावणी आणि चकमकी कित्येक महिने सुरू होत्या, रशियाचा प्रतिहल्ला वाजवी मर्यादा ओलांडून जॉर्जियात खोलवर गेला, आणि दक्षिण ओसेतियातल्या जॉर्जियन वस्त्यांवर वांशिक अत्याचार झाले. रशियानं केलेला ‘नरसंहारा’चा आरोप मात्र सिद्ध झाला नाही.

आता चित्रपट लावा. रशियन चित्रपटाचं घड्याळ हल्ल्याच्या त्या रात्रीपाशीच सुरू होतं, आधीच्या महिन्यांत ओसेतियन बाजूनं जॉर्जियन गावांवर झालेला गोळीबार जणू झालाच नाही. हार्लिनच्या चित्रपटात लग्नघरावर विमानं बॉम्ब टाकतात, तिथून प्रेक्षकाचं युद्ध सुरू होतं. त्स्खिनवालीवर पडलेले तोफगोळे मनावर ठसतच नाहीत. त्याआधी इराकमधला एक प्रसंग आहे: तिथे जॉर्जियन सैनिक वार्ताहरांचा जीव वाचवतात. जॉर्जियाची सुमारे 2,000 माणसं तेव्हा इराकमध्ये होती, हे खरं. पण त्या प्रसंगाचं काम माहिती देण्याचं नाही. पुढचे दोन तास कोणाच्या बाजूनं बसायचं, ते तो ठरवून टाकतो.

शेवटी खरे जॉर्जियन नागरिक आपल्या गेलेल्या माणसांबद्दल कॅमेऱ्यासमोर बोलतात. त्यांचं दुःख खरं आहे, त्याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण त्स्खिनवालीच्या तळघरात रात्र काढलेलं एकही माणूस तिथे बोलायला नाही. खरे अश्रू अर्ध्या गोष्टीच्या कामी लावणं, हा प्रचाराचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात परिणामकारक मार्ग आहे.

मृतांचे आकडे चित्रपटात ऐकले तर धरायचे का?

पहिल्या आठवड्यातले कधीच नाही. 2008 च्या युद्धात रशियन आणि ओसेतियन अधिकाऱ्यांनी पहिल्या दिवसांत ‘2,000 नागरिक ठार’ असं जाहीर केलं. नंतर रशियाच्याच तपास समितीनं दक्षिण ओसेतियातल्या मृत नागरिकांची संख्या 162 दिली. पहिला आकडा मथळ्यांत गेला, दुसरा कुठेतरी आतल्या पानावर. चित्रपटात आकडा आला की तो कोणाच्या तोंडी आहे, कोणत्या तारखेचा आहे, हे टिपून ठेवा आणि वर्षभरानंतरच्या आकड्याशी ताडून बघा.

दोन्ही बाजू सारख्याच दाखवल्या, म्हणजे चित्रपट खरा?

हाही गैरसमजच. पाच माणसांना ठार मारणारे आणि मारले गेलेले यांना समान वेळ देणं म्हणजे न्याय नव्हे.

16 ऑक्टोबर 1975 रोजी, इंडोनेशियाचं सैन्य शिरत असलेल्या पूर्व तिमोरमधल्या बालिबो गावात ऑस्ट्रेलियन वाहिन्यांसाठी काम करणारे पाच तरुण मारले गेले. आपण तटस्थ आहोत हे कळावं म्हणून त्यांनी मुक्कामाच्या घराच्या भिंतीवर ऑस्ट्रेलियाचं नाव आणि झेंडा रंगवला होता. ‘दोन्हीकडच्या गोळीबारात सापडले’ ही अधिकृत भूमिका तीसएक वर्षं टिकली. 2007 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या मृत्युचौकशीत निष्कर्ष निघाला, की इंडोनेशियाच्या सैन्यानं त्यांना जाणूनबुजून मारलं. रॉबर्ट कोनोली यांचा ‘बालिबो’ (2009) याच निष्कर्षावर उभा आहे. तो एका बाजूचा वाटतो, कारण पुरावाच तसा आहे. इंडोनेशियानं त्यावर बंदी घातली, तरी तिथल्या स्वतंत्र पत्रकार संघटनेनं तो जकार्तात दाखवला. त्याच डिसेंबरात त्या मोहिमेतल्या एका निवृत्त अधिकाऱ्यानं ‘टेम्पो’ साप्ताहिकाला सांगितलं, की वार्ताहरांना मारणं हे ठरवून झालं होतं. तोल मोजू नका, पुरावा मोजा.

‘द किलिंग फील्ड्स’मध्ये बदल केलेत म्हणतात. मग तोही प्रचारपट का म्हणू नये?

बदल कोणत्या जातीचा आहे, ते बघायला हवं.

रोलंड जॉफी यांचा हा 1984 चा चित्रपट ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे सिडनी शॅनबर्ग आणि त्यांचे कंबोडियन सहकारी डिथ प्रान यांच्यावर आहे. 17 एप्रिल 1975 ला राजधानी नॉम पेन्ह ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांच्या हाती पडलं, सगळे फ्रेंच दूतावासात अडकले, आणि प्रानसाठी पासपोर्ट बनवायची धडपड सुरू झाली. पडद्यावर डार्करूमची रसायनं शोधली जातात, फोटो उमटतो, सगळे सुस्कारा सोडतात आणि नंतर तो टिकत नाही. श्वास रोखून धरायला लावणारा प्रसंग आहे. प्रत्यक्षात एका ब्रिटिश पत्रकाराच्या पासपोर्टमध्ये फेरफार केला गेला, तो तपासणीत टिकणार नाही हे दिसल्यावर प्रान बाहेर पडले. तेव्हा तिथेच असलेले छायाचित्रकार अल रॉकऑफ यांनी चित्रपटात आपल्याला चुकीचं रंगवल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे. त्यांची तक्रार रास्त आहे, आणि चित्रपट शिकवताना ती सांगायलाच हवी.

पण घड्याळ बघा. चित्रपट ख्मेर रूजच्या विजयापासून सुरू होत नाही. तो ऑगस्ट 1973 मध्ये, न्याक लुआंग गावात सुरू होतो. अमेरिकेच्या बी-52 विमानातला एक स्विच टाकायचा राहिला आणि बॉम्ब लक्ष्याऐवजी, विमानांना दिशा कळावी म्हणून गावात लावलेल्या रडार-खुणेवरच पडले. अधिकृत आकडा 137 मृत. वार्ताहरांनी तिथे जाऊ नये असा प्रयत्न झाला, तेव्हा शॅनबर्ग नदीमार्गे पोहोचले. अमेरिकी प्रेक्षकांसाठीच्या चित्रपटानं आपल्याच विमानांपासून सुरुवात करणं सोपं नव्हतं. तिथून सुरू केलं म्हणूनच नंतरचं क्रौर्य आभाळातून पडल्यासारखं वाटत नाही.

प्रानची भूमिका करणारे हाइंग न्गोर हे व्यवसायानं डॉक्टर, ख्मेर रूजच्या छळातून वाचलेले, त्याआधी कधीही अभिनय न केलेले. डॉक्टर असल्याचं कळलं असतं तर मारलं गेलं असतं, म्हणून ते लपवून राहिले. चष्मा हीसुद्धा शिकलेपणाची खूण, म्हणून तोही टाकला. त्यांची पत्नी बाळंतपणात त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. 1985 मध्ये त्यांना सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. चिखलातून चालणाऱ्या प्रानचे खांदे ज्या तऱ्हेनं आक्रसतात, ते कुठल्या अभिनयशाळेत शिकवलं जात नाही. पासपोर्टच्या प्रसंगात तपशील बदलला आहे. या खांद्यांत काहीही बदललेलं नाही.

चांगल्या कारणासाठी खोटा फोटो काढला तर?

‘अंडर फायर’ (1983) नेमकं हेच विचारतो. 1979, निकाराग्वा. बंडखोरांचा नेता मेला आहे आणि छायापत्रकाराला सांगितलं जातं, तो जिवंत दिसेल असा फोटो काढ, म्हणजे लढा टिकेल. तो काढतो. चित्रपट त्याला सहज सोडत नाही: त्याचे इतर फोटो शत्रूच्या हाती पडतात आणि त्यातली माणसं हेरून मारली जातात.

खरा इतिहास चित्रपटापेक्षा ठाम उत्तर देतो. 20 जून 1979 रोजी मानाग्वात अमेरिकेच्या ‘एबीसी’चे वार्ताहर बिल स्टुअर्ट यांना सरकारच्या नॅशनल गार्डच्या सैनिकानं जमिनीवर झोपायला लावून गोळी घातली. त्यांच्याच कॅमेरामननं ते गाडीतून चित्रित केलं. ती चित्रफीत अमेरिकेतल्या घराघरांत दिसली आणि निकाराग्वाचे हुकूमशहा सोमोझा यांची उरलीसुरली पाठराखण संपली. 17 जुलैला ते देश सोडून गेले. चित्रपटात खोटा फोटो युद्ध फिरवतो. प्रत्यक्षात एका खऱ्या चित्रफितीनं फिरवलं. हा फरक चर्चेत निसटू देऊ नका.

लष्करानं मदत केली की चित्रपट त्यांच्या मर्जीनं चालतो का?

बहुतेक वेळा काही प्रमाणात, हो. अमेरिकेत संरक्षण खात्याची मदत हवी असेल तर पटकथा आधी दाखवावी लागते आणि बदल मान्य करावे लागतात. रणगाडा आणि हेलिकॉप्टर बाजारात भाड्यानं मिळवणं भलतंच महाग पडतं, त्यामुळे निर्माते वाकतात. भारतातही 2020 मध्ये संरक्षण मंत्रालयानं सेन्सॉर मंडळाला कळवलं, की लष्करावरचा चित्रपट दाखवण्याआधी निर्मात्यानं मंत्रालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं.

जॉन वेनचा ‘द ग्रीन बेरेट्स’ (1968) या प्रकारातला ठळक नमुना. त्यात शंका घेणारा एक वार्ताहर व्हिएतनामला जातो आणि युद्ध पाहून त्याची शंका फिटते. त्या पात्राचं कामच तेवढं. शेवटच्या दृश्यात समुद्रावर सूर्य मावळतो. व्हिएतनामचा समुद्र मुख्यतः पूर्वेला आहे.

घरी बसून करण्याजोगी तपासणी एकच: शेवटची श्रेयनामावली पूर्ण वाचा. ‘विशेष आभार’ आणि ‘सहकार्य’ इथे मंत्रालय, लष्कराची तुकडी, पर्यटन मंडळ, सत्ताधारी पक्षातली माणसं दिसतात. बहुतेक अ‍ॅप ती आपोआप लहान करून पुढचं काही लावतात. सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑटोप्ले’ बंद करा.

माहितीपट तरी खरे असतात ना? तिथे नट नसतात.

नट नसले तरी दृश्य मांडलेलं असू शकतं. पहिल्या महायुद्धावरच्या, 1916 च्या ‘द बॅटल ऑफ द सोम’मधलं खंदकातून सैनिक वर चढून धावतात ते दृश्य शंभर वर्षं खरं म्हणून वापरलं जात होतं, अजूनही वापरलं जातं. ते मागच्या प्रशिक्षण-जागेवर घेतलेलं आहे. कसं कळलं? सैनिकांच्या पाठीवर पूर्ण सामान नाही. समोर काटेरी तारांचं जाळं नाही. कॅमेरा अशा जागी आहे की खऱ्या हल्ल्यात चालवणारा पहिल्याच मिनिटात मेला असता. आणि ‘पडलेल्या’ सैनिकांतला एक जण नंतर पाय नीट ठेवून घेतो. बाकीचा बराच भाग मात्र अस्सल आहे, म्हणून सगळा चित्रपट फेकून द्यायचं कारण नाही.

काही वेळा दृश्य खरं असतं, चौकट फसवते. 9 एप्रिल 2003 ला बगदादच्या फिरदौस चौकात सद्दामचा पुतळा पडला. जवळून घेतलेल्या चित्रात गर्दी उसळलेली दिसते. दुरून घेतलेल्या चित्रात चौकाचा मोठा भाग मोकळा आहे. हाच चौक का गाजला? कारण परदेशी वार्ताहर ज्या पॅलेस्टाइन हॉटेलात उतरले होते ते तिथेच आहे. आदल्या दिवशी त्याच हॉटेलावर अमेरिकी रणगाड्याचा गोळा पडून दोन कॅमेरामन ठार झाले होते, आणि त्याच दिवशी ‘अल जझीरा’चे तारेक अयूब बगदादमध्येच हवाई हल्ल्यात मारले गेले. जेहान नूजैम यांचा ‘कंट्रोल रूम’ (2004) हे दिवस ‘अल जझीरा’च्या खोलीतून दाखवतो. तो पाहताना दर दृश्याला विचारा: कॅमेरा चार पावलं मागे गेला असता तर काय दिसलं असतं?

‘ट्वेंटी डेज इन मारिउपोल’ युक्रेनचा प्रचार आहे असं ऐकलं. खरं काय?

2022 मध्ये रशियानं वेढलेल्या युक्रेनच्या मारिउपोल शहरातून, म्हणजे एकाच बाजूनं, तो चित्रित झालेला आहे, कारण बॉम्ब त्या बाजूला पडत होते. प्रचार म्हणायला त्यातलं काहीतरी खोटं निघायला हवं, आणि तपासणीत तसं निघालेलं नाही.

9 मार्च 2022 रोजी मारिउपोलच्या प्रसूती रुग्णालयावर हल्ला झाला. जखमी गरोदर बाईला स्ट्रेचरवरून नेतानाचं चित्र जगभर गेलं. रशियन अधिकाऱ्यांनी, दूतावासांनी ‘या नट्या आहेत’ असा दावा केला. त्यावर ‘असोसिएटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेच्या मस्तिस्लाव चेर्नोव आणि सहकाऱ्यांनी निषेधाचं पत्रक काढलं नाही. जिवावर उदार होऊन त्यांनी दुसरं रुग्णालय गाठलं, तिथे हलवलेल्या बायकांना शोधलं, डॉक्टरांचं म्हणणं चित्रित केलं. स्ट्रेचरवरची बाई आणि तिचं बाळ, दोघंही गेली होती. दावा खोडून काढायची ही खरी पद्धत: तेच माणूस, दुसरी जागा, दुसरा दिवस, दुसरा साक्षीदार.

चित्रण पाठवणं हेही दिव्यच होतं. शहरात नेटवर्क जवळपास मेलेलं. लुटलेल्या एका किराणा दुकानाबाहेर तेवढं मिळायचं. दिवसातून एकदा तिथे जायचं, जिन्याखाली वाकून बसायचं आणि चित्रफितीचे छोटे तुकडे करून सोडायचे. 2023 चा हा माहितीपट त्या सुमारे 30 तासांच्या चित्रणातून संकलित झाला, आणि 2024 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. त्यात लहान मुलांचे मृत्यू आहेत. लहानांसोबत लावू नका, आणि मोठ्यांनाही आधी सांगून ठेवा.

एखादी छोटी चूक सापडली तर सगळं खोटं मानायचं का?

यावर ‘ऑफिशियल सीक्रेट्स’ (2019) मधला एक खराखुरा प्रसंग कायम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मार्च 2003 मध्ये लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’नं एक फुटलेला अमेरिकी ईमेल छापला: इराकवरच्या ठरावाआधी संयुक्त राष्ट्रांतल्या सदस्यांची हेरगिरी करा, अशी ब्रिटनला विनंती. कागद अस्सल होता. पण वर्तमानपत्रात मजकूर छपाईसाठी घेताना शब्दांची स्पेलिंगं अमेरिकी पद्धतीची होती ती ब्रिटिश झाली, म्हणजे ‘favorable’चं ‘favourable’. लगेच ‘अमेरिकी अधिकारी असं लिहीलच कसा, कागद बनावट’ असा गदारोळ उठला आणि अमेरिकी वाहिन्यांनी हात आखडता घेतला. एका ‘यू’ अक्षरानं बातमीचा गळा धरला. कागद फोडणाऱ्या, ब्रिटिश गुप्तवार्ता संस्थेतल्या कॅथरीन गन यांच्यावरचा खटला फेब्रुवारी 2004 मध्ये सरकारनं मागे घेतला.

चूक सापडली की दोन प्रश्न विचारा. ती कोणत्या टप्प्यावर झाली? आणि ती काढून टाकली तर मूळ दावा उभा राहतो का?

उलट उदाहरणही आहे. ऑक्टोबर 1990 मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका कुवेती मुलीनं साक्ष दिली, की इराकी सैनिकांनी अर्भकांना काचपेटीतून काढून जमिनीवर टाकलं. ती कुवेतच्या राजदूतांची मुलगी होती आणि साक्षीमागे एक जनसंपर्क कंपनी होती, हे जानेवारी 1992 मध्ये, आखाती युद्ध संपून वर्ष होत आल्यावर लोकांना कळलं. इथे चूक काढली की दावाच उरत नाही. तरी ‘लाइव्ह फ्रॉम बगदाद’ या एका वाहिनीच्या 2002 च्या चित्रपटात ती गोष्ट पुन्हा आली, आणि टीका झाल्यावर वाहिनीला शेवटी खुलासा जोडावा लागला.

एखादी चित्रफीत अस्सल आहे का, हे मी स्वतः तपासू शकतो का?

बरंचसं. या क्रमानं करा.

आधी मूळ फाइल मिळते का बघा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्रातली तारीख-जागा-कॅमेऱ्याची माहिती निघून गेलेली असते. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मग चित्रफितीतल्या चार-पाच स्थिर चौकटी घ्या, ज्यात इमारत, पाटी, डोंगराची रेषा स्पष्ट आहे, आणि त्यांचा उलटा शोध घ्या, म्हणजे शब्दांऐवजी चित्रच शोधयंत्रात टाकून ते आधी कुठे आलंय का बघा. काही मिळालं नाही तर चित्र आडवं उलटवून पुन्हा शोधा. चोरलेली चित्रं बरेचदा आरशातल्यासारखी फिरवलेली असतात, आणि मग पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसतात.

नंतर सावल्या. जॉर्जियासारख्या 42 अंश उत्तरेच्या देशात दुपारी सावली बारा महिने उत्तरेलाच पडते. ‘सकाळचा हल्ला’ म्हणून दाखवलेल्या दृश्यात सावली पूर्वेकडे लांबलेली असेल तर ती संध्याकाळ आहे.

आवाजही ऐका. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरला तीन सेकंद. दूरच्या टेकडीवर स्फोट झाला आणि धमाका त्याच क्षणी ऐकू आला, तर आवाज नंतर चिकटवलेला आहे. चित्रपटांत हे जवळपास नेहमीच करतात आणि ते चालतं. बातमीत चालत नाही.

नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते शस्त्रांवरून बाजू ठरवताना. 2008 मध्ये टी-72 रणगाडे रशियाकडेही होते आणि जॉर्जियाकडेही. नुसता रणगाडा पाहून ‘हे रशियन’ म्हणणं साफ चूक. म्हणूनच जॉर्जियाच्या लष्करी सामानावर पडद्यावर रशियन सैन्य उभं करणं सहज शक्य झालं.

मराठी प्रेक्षकाचा या वादाशी थेट संबंध येतो का?

येतो, आणि तो नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईत आला. 26/11 च्या हल्ल्यात वाहिन्यांनी कारवाईचं थेट प्रक्षेपण केलं, आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच बघून आतल्या हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते. ऑगस्ट 2012 च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांच्या या वागण्यावर कडक ताशेरे ओढले. 2015 मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला: दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपण बंद, नेमलेल्या अधिकाऱ्यानं वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवायची. दाखवलेलं सगळं खरं होतं, प्रचार तर अजिबात नव्हता, तरी त्यानं नुकसान झालं. खरं आणि खोटं एवढ्या दोनच रकान्यांत हा विषय मावत नाही, तो यामुळे. दुसऱ्या बाजूनं, नियमानं माहितीचा नळ एकाच अधिकाऱ्याच्या हाती जातो, आणि त्याची चाचपणी कोण करणार, हा प्रश्न आजही उघडा आहे.

चित्रपट मंडळात किंवा महाविद्यालयात यावर कार्यक्रम करायचा आहे. कसा करावा?

जोडीनं दाखवा. ‘ऑलिंपस इन्फर्नो’ आणि ‘फाइव्ह डेज ऑफ वॉर’ एका आठवड्याच्या अंतरानं. आधी परीक्षणं वाचायला देऊ नका, माणसं मत बनवून येतात. प्रत्येकाला तीन रकान्यांचा कागद द्या: ‘दिसलं’, ‘सांगितलं’, ‘सुचवलं’. लग्नावर बॉम्ब पडला हे दिसलं. तो कोणी टाकला हे एका पात्रानं सांगितलं. का टाकला हे संगीतानं सुचवलं. तिसरा रकाना भरायला लागला की माणसं गप्प होऊन बघतात.

चित्रपट संपल्यावर दहा मिनिटं चर्चा करू नका. शेवटच्या संगीताचा भर ओसरू द्या, चहा द्या. मग पहिला प्रश्न एकच: गोष्ट कधी सुरू झाली, तारीख आणि वेळ लिहा. फळ्यावर 1 ते 12 ऑगस्ट 2008 ची रेषा काढा, दोन्ही चित्रपटांचे प्रसंग दोन रंगांत मांडा, आणि तालियाविनी अहवालातले टप्पे तिसऱ्या रंगात. मोकळ्या राहिलेल्या जागा पाहूनच बोलणं सुरू होतं. हे न करता थेट चर्चा सुरू केली तर पाच मिनिटांत ती ‘रशिया चांगला की अमेरिका’वर घसरते आणि परत वर येत नाही.

परवानगीचं विसरू नका. स्वतःच्या घरगुती ओटीटी खात्यावरून सभागृहात चित्रपट दाखवता येत नाही. जाहीर प्रदर्शनाचे हक्क वितरकाकडून वेगळे घ्यावे लागतात, आणि उत्तर यायला वेळ लागतो.

उपशीर्षकांवर विसंबावं का?

मुख्य संवादांपुरतं. मागच्या गर्दीतल्या आरोळ्या, रेडिओवरचं बोलणं, भिंतीवर लिहिलेल्या घोषणा यांची भाषांतरं बहुधा दिलेली नसतात, आणि स्थानिक माणसं कोणावर चिडली आहेत हे तिथेच कळतं. रशियन, जॉर्जियन, अरबी किंवा ख्मेर समजणारं कोणी ओळखीचं असेल तर त्या माणसाला सोबत बसवा आणि आवाज थोडा वाढवून ठेवा.